दारातली घागर

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, त्यात दुष्काळ. चाकूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी गळू दाखवायला गेलो. दारात भरली घागर दिसली. पाहुण्यांसाठीच असणार म्हणून ऐटीत पाय धुतले. आत एका बाईला कळा सुटल्या होत्या आणि ते पाणी सिस्टरनं तिच्यासाठी घरून डोक्यावर आणलं होतं.

सिस्टर पदर खोचून बाहेर आली. आधी घागर पाहिली, मग माझे पाय.

"लई गोरे झाले की, पाहुणे! पळा आता हापशावर."

"सिस्टरनं धाडलंय," मी म्हणताच हापशावर रांगेत असलेल्या बायांनी मला पुढं घेतलं.

भरली घागर सिस्टरला देताना मी शहाणपणा केलाच. "जिल्हा झाला, आता मोठे डॉक्टर येतील."

"येऊ द्या की. आधी नळ धाडा म्हणावं."

थोड्या वेळानं आतून बाळ रडलं.

आता तिथं नळ आलाय म्हणे. मी मात्र अजून कुणाच्याही दारात पाय धुण्याआधी, आत कोण आहे ते विचारतो.