चितेगावचा लाल बास

चिपळूणहून दोन एसट्या बदलून संभाजीनगरला उतरले तेव्हा दुपार होती. क्रांती चौकात ऊन असं, की समोरच्या नव्या इमारती जमिनीपासून हातभर वर तरंगत होत्या.

मी ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवते आणि जुने बास जमवते. घरी सात आहेत. आठवा, परदेशी बनावटीचा लाल, चितेगावच्या नामदेवमामांकडे होता. मामांनी वरातींत बास वाजवण्यात उमर घालवली, घराणं मेंढपाळांचं. आता ते शहरात मुलाच्या फ्लॅटवर राहायला जाणार होते. तिथं एकच बास मावणार, दुसरा मला द्यायचा, एवढं फोनवर ठरलं होतं. कोणता, ते नाही.

पैठण रस्त्यानं रिक्षा निघाली. वाळलेल्या मोसंबीच्या बागा, मग कारखाने, मग पांढरे दगड रोवून प्लॉट पाडलेली वावरं. डोळा लागला आणि उघडला, तरी तेच दगड चालले होते.

"वीज नाय," मामा दारातच म्हणाले. "बरंच हाय. वीज असली की समदेच बास गोड वाटतेत."

लाल आणि काळा, दोन्ही बास घोंगड्यावर ठेवले होते.

"आमच्यात बीचा मेंढा (पैदाशीसाठी राखायचा नर) सुकाळात निवडत नायत. दुष्काळात तग धरील तो ठेवायचा. बासाचंबी तसंच."

"लाल्या काय तग धरतोय?" मामी आतून म्हणाल्या. "लाकूड सुकून वाकू नये म्हणून हे रोज ओलं फडकं गुंडाळून रांजणाजवळ निजवायचे त्याला. औंदा मीच बंद केलं. टँकर आठ दिवसाला येतो, ताई. आधी माणसं."

मी काळ्याच्या लाकडाला कान लावला आणि जाड तार छेडली. आवाज कानातून नाही, दाढेतून उतरला. आटलेल्या विहिरीच्या तळाशी कुणी सावकाश बोलत असावं तसा. हा बारा महिने पत्र्याखाली टांगलेला, तरी तारांखालची दांडी सरळ होती. लालची दांडी वाकली होती. तारा टेकून खरखरत होत्या.

"व्हय, तग काळ्यानंच धरला. लाल्या तुमचा," मामा म्हणाले आणि त्याला खोळीत घालू लागले. चेन तीनदा अडकली. "दांडीतला गज पिळला असता तर ती सरळ झाली असती. पण त्याची किल्ली जालन्याच्या वरातीत हरवली."

तशा किल्ल्यांचा जुडगा माझ्या पिशवीत होता. हवा होता तोच बास मिळत होता. फक्त गप्प बसायचं होतं. येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या पिठाचं कालवण) आणि दोन भाकरी होईपर्यंत मी गप्प बसले.

मग जुडगा काढला. तिसरी किल्ली लागली. थोडं पिळायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. खरखर गेली.

"आता परत निवडा," मी म्हणाले.

मामांनी लालची जाड तार छेडली.

"निवडतेत काय," मामी म्हणाल्या. "झोपेत हात कुणाकडं जातो, मला ठाऊक हाय."

"नियम मेंढ्यांचा हाय," मामा म्हणाले. "अन् मी काय आता मेंढ्या राखीत नाय." त्यांनी काळा माझ्या हातात दिला. ती किल्ली मी जुडग्यातून काढून त्यांना दिली.

परतताना काळा मांडीवर आडवा होता. कान टेकवला की इंजिनाची घरघर लाकडातून यायची, आणि बाहेरची उजाड रानं तिच्या तालावर मागं सरकायची. घरचे सात कसे निवडले ते आठवून पाहिलं. रंग, नाव, कुठल्या देशाचा. वीज नसताना त्यातला एकही मी ऐकला नव्हता.

घरी पोचल्यावर हातपाय धुतले, मेन स्विच बंद केला आणि पहिल्याची खोळ उघडली.