दारणेच्या पाण्यात नलूताई

फोन आला तेव्हा आम्ही पिंपळगावला आमच्या पॅकहाउसमध्ये होतो. द्राक्षांचा कंटेनर निघायचा होता, सगळ्यांची घाई चालली होती. ह्यांनी फोन कानाला लावला आणि हातातला घड अलगद क्रेटमध्ये ठेवला. "ताई गेली," एवढंच म्हणाले. नाशिकच्या दवाखान्यात नलूताईंना न्यूमोनियासाठी ठेवलं होतं. सकाळीच मी त्यांना पेज भरवून आले होते... आता दीड महिना होत आला, तरी नाशिकला निघाले की त्यांच्यासाठी काय न्यायचं हा विचार आधी मनात येतो.

नलूताई माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर मैत्रिणींबरोबर हिमाचलला गेल्या आणि परत आल्या त्या मासे धरायची लांब, लवचिक काठी घेऊन. आमच्याकडे मासे खातात, पण बाईमाणसानं गळ टाकत बसायचं हे कुणाला पटण्यासारखं नव्हतं. त्यातून ह्या गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. कोंबड्याची पिसं आणि रेशमाचा दोरा गळावर गुंडाळून त्या पाण्यावरच्या किड्यासारखी माशी बनवायच्या. तिला वजन असं नसतंच. दोरीच जाड असते, ती हवेत मागेपुढे फिरवून माशी लांब पाण्यावर सोडायची. दोरी हवेत उलगडताना बघत राहावंसं वाटे, हे मात्र मला पहिल्याच दिवशी कबूल करावं लागलं.

मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले ती गाडी चालवायला. घोटीच्या पुढे दारणा नदीच्या काठी उजाडता उजाडता पोचायचं. थोड्याच दिवसांत त्यांनी आपला कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. मासा लागला की त्या आधी हात ओले करायच्या, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो म्हणून. मग म्हणायच्या, "सुनंदा, आता तू श्वास धर. तुला श्वास सोडावासा वाटला की मासा पाण्यात जाणार. फोटो निघो न निघो." माझे कितीतरी फोटो असे हुकले. पण त्यामुळे नजर तयार झाली. पाण्याखालचा सोनेरी खवला, त्यांच्या मनगटावरून ओघळणारं पाणी, मासा सुटल्यावर रिकामी झालेली ओंजळ... काय टिपायचं ते मला तिथं समजलं.

एकदा काठावर धुणं धूत असलेल्या एका म्हातारीनं हे सगळं पाहिलं आणि विचारलं, "धरायचं अन् सोडून द्यायचं? मंग धरती कशाला गं बाई?" मला हसू आलं. ताई मात्र तिच्याजवळ जाऊन बसल्या. "भेटून जाते, मावशी," म्हणाल्या. म्हातारी धुणं पिळता पिळता म्हणाली, "हां, मंग बरोबर हाय."

पुढे ताईंचे हात थरथरू लागले. पार्किन्सन्स. माश्या बांधणं आधी सुटलं. मग एका सकाळी शेवाळावरून पाय घसरून त्या पाण्यात पडल्या. मीच ओढून काढलं. कपाळाला टाके पडले. संध्याकाळी हे नाशिकला ताईंच्या घरी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "आता पुरे, ताई. नदीवर जायचं नाही." ताईंनी काठी खोळीत घालून कपाटात ठेवली. त्यानंतर त्या खाईनात, बोलेनात. डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या. मला कारण ठाऊक होतं, ह्यांनाही होतं, पण 'चल नदीवर' असं भावाच्या तोंडून निघेना.

दिवाळीनंतर एका पहाटे ह्यांनी मला उठवलं. "चल, ताईला घेऊ," म्हणाले. त्यांनी गाडीत लांब बूट टाकले होते. नदीवर ते ताईंच्या मागे गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि दोन्ही हातांनी त्यांना कमरेला धरलं. दोरी नीट उलगडत नव्हती, दोनदा ह्यांच्याच टोपीत अडकली. ताई म्हणाल्या, "सोड मला, भिजशील." हे म्हणाले, "तू टाक गं." बऱ्याच वेळानं काठी वाकली. हातभर लांबीचा महाशीर होता. ताईंना तो धरवेना, तेव्हा त्यांनीच भावाला सांगितलं, "हात ओले आहेत ना तुझे? पोटाखालून धर. दाबू नकोस." हे वाकले. एवढा मोठा माणूस, माल परत आला तरी न डगमगणारा, ताई सांगतील तशी ओंजळ हळूहळू सैल करत होता. मी श्वास धरला. फोटो काढायचं मला सुचलंच नाही. मासा क्षणभर तिथंच थांबला आणि गेला. ताईंनी भावाच्या डोक्यावरून हात फिरवला... पुन्हा नदीवर जाणं झालं नाही. थंडी वाढली, मग ताप, मग दवाखाना.

हल्ली संध्याकाळी माणसं घरी गेली की पॅकहाउसमागच्या मोकळ्या जागेत हे ताईंची काठी घेऊन उभे राहतात. दोरीच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधलेला असतो. ताई गच्चीवर असाच सराव करायच्या, म्हणे. दोरी ह्यांच्या खांद्यावर पडते, क्रेटमध्ये गुंतते. हे न चिडता सोडवतात आणि पुन्हा उभे राहतात. काल कधी नव्हे ती दोरी सरळ उलगडली आणि गोंडा पार कुंपणापाशी जाऊन टेकला. धाकट्या भावानं ताईकडे पाहावं तसं ह्यांनी मागं वळून पाहिलं. मी दारातच होते, पण त्यांची नजर माझ्याकडे नव्हती.