सतरा बोल्ट

इंग्लंडमधल्या आमच्या बार्न्सली गावात विल्फ ट्रँटर पूर्व युरोपातून येणाऱ्या स्वस्त गाड्या विकायचा. साल १९८६. पबमध्ये शिरला की कोणीतरी ओरडायचंच, "विल्फ, ढकलायला माणूस गाडीबरोबरच मिळतो, की वेगळा घ्यायचा?" तो हसून सोडून द्यायचा. जन्मात पहिल्यांदा कोरी गाडी घेणारी माणसं त्याच्याकडेच यायची, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

एका शुक्रवारी शाळेत स्वयंपाक करणारी एडना त्याच्याकडूनच घेतलेली गाडी घेऊन आली. "चाक वळवलं की खालून टकटक येतं रे."

विल्फ गाडीखाली शिरला. स्टिअरिंगचा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरला. त्याने शोरूममधल्या तीन गाड्या तपासल्या. दोघींचं तेच, तिसरीचाही बोल्ट जेमतेम आवळलेला.

शोरूमचा मालक प्लॅट म्हणाला, "कंपनीला पत्र टाकू. तोवर तोंड बंद ठेव. आधीच लोक हसतात आपल्याला."

"हसू देत. गाडी घेतलेल्यांना मरू द्यायचं का?"



एडनाच्या गाडीबरोबर एकाच खेपेत आलेल्या सतरा गाड्या विल्फने विकल्या होत्या. एडनाचा बोल्ट त्याने तिथेच आवळला. शनिवारी उजाडताच पाना घेऊन दारोदार फिरला. कुणी चहा दिला, कुणी शिव्या. दुपारपर्यंत सोळा झाल्या. उरली मॉरीन सग्डन. तिची शेजारीण म्हणाली, "ती सकाळीच मुलींना घेऊन व्हिटबीला गेली, समुद्रावर."

व्हिटबीच्या वाटेवरचे उतार विल्फला ठाऊक होते. गाडी चालवताना त्याची नजर रस्त्यावर कमी आणि कडेच्या खड्ड्यांत जास्त होती. एके ठिकाणी मॉरीनच्या गाडीसारखा लाल पत्रा दिसला आणि त्याने करकचून ब्रेक दाबला. तो जुना ट्रॅक्टर निघाला.

बंदरापाशी मॉरीनची लाल गाडी उभी होती. बॉनेटला टेकून तिघी मासे खात होत्या.

"काय विल्फ, गाडी परत न्यायला आलास? नाही देणार हं! एकदाही बंद पडली नाही."

 विल्फ तसाच ओल्या खडीवर आडवा होऊन गाडीखाली शिरला. बोल्ट शेवटच्या दोन आट्यांवर लटकत होता. त्याने तो आवळला, पुन्हा तपासला आणि उठून सगळं खरं सांगितलं.

मॉरीनने कागदातला मासा तसाच गुंडाळला. "आम्ही बसने जाऊ. गाडी तू आण."

सोमवारी प्लॅटने त्याच्याकडून शोरूमच्या चाव्या मागून घेतल्या. मॉरीनने मात्र गाडी विकली नाही. महिन्यातून एकदा ती विल्फच्या दारात उभी करायची आणि म्हणायची, "बघ रे जरा खालून."