कराचीच्या धक्क्यावरच्या छत्र्या

अर्धं घर रत्नागिरीत, अर्धं कराचीत आणि मधे सरहद्द, अशी वीस माणसं कुवेतच्या एकाच मेसमध्ये जेवायला बसली की किस्से आपोआप साठतात. विसरायचे म्हटले तरी कुणीतरी जेवताना काढतोच.

*

पासष्टची लढाई सुरू झाली. मेसमध्ये निम्मे पासपोर्ट इकडचे, निम्मे तिकडचे. एक जण दिल्लीच्या बातम्या लावी, दुसरा उठून कराचीच्या. तिसऱ्या दिवशी कादिरभाईंनी रेडिओच कपाटात ठेवला. कादिरभाई बंदरावर क्लार्क आणि आमच्या मेसचे मॅनेजर. म्हणाले, "कोण जिंकलं ते उद्या कळेल. आज बांगडे कोण आणतोय?"

*

लढाईत दोन्हीकडचं टपाल बंद. मग कराचीची पत्रं आमच्याकडे यायची आणि आम्ही ती नव्या पाकिटात घालून रत्नागिरीला धाडायचो. कराचीतल्या एका नातवाचं नाव रत्नागिरीच्या आजोबांनी ठेवायचं होतं. पत्रांना फार उशीर व्हायला लागला, तसं कादिरभाईंनी स्वतःच एक नाव ठरवलं आणि दोन्ही घरांना कळवलं की समोरच्यांची हीच इच्छा आहे. दोन्ही घरं खूश. पोराचं नाव कादिर!

*

आमच्या हसनचा धाकटा भाऊ उस्मान सोळाव्या वर्षी चुलत्याबरोबर कराचीला गेला, तो तिकडचाच झाला. एकदा त्याचं पाकीट आलं, आत कागदच नव्हता. घालायला विसरला होता. हसन खजील झाला, पण कादिरभाईंनी ते तसंच पुढे पाठवलं. आईचं उत्तर आलं, 'पाकीट मिळालं. उस्मान बरा आहे, पहिल्यासारखाच आहे.'

*

लढाई संपली, बोटी पुन्हा कराचीला थांबू लागल्या. हसनने आईला कुवेतला बोलावलं. वाटेत बोट कराचीला काही तास थांबे, पण हिंदी पासपोर्टवाल्याला उतरायची बंदी. आईने वर कठड्याशी उभं राहायचं, उस्मानने खाली जाळीमागे. इतक्या वर्षांनी बघायचं तेही एवढ्या लांबून! ती त्याला ओळखणार कशी, या काळजीने हसनचं जेवण सुटलं.

"सोपं आहे," कादिरभाई म्हणाले. "त्याला छत्री उघडून उभा राहायला सांग. कराचीत पाऊस कुठला?"

आयडिया इतकी झकास, की मेसमधल्या बाकीच्यांनीही आपापल्या कराचीच्या माणसाला गुपचूप लिहिलं: हसनची आई येतेय, छत्री उघडून उभा राहा, म्हणजे गावी जाऊन ती तुझी खुशाली सांगेल.

आई कुवेतला उतरल्या. आम्ही सगळे धक्क्यावर हजर होतो. हसनने सामान घ्यायच्या आधी विचारलं, "उस्मान दिसला?"

"दिसला तर. पण काय रे, तिथे अकरा छत्र्या उघडलेल्या होत्या."

आम्ही सगळे एकदम बुटांकडे बघायला लागलो. हसनचा चेहरा उतरला.

"मग ओळखलंस कसं?"

"एकाजवळ छत्रीच नव्हती," आई म्हणाल्या.