रानात नाव घ्यायचं नाही

मथुराक्काच्या पुढे रानात तिचा पूर्वज चालतो, ही गोष्ट कानडी मुलखातल्या गवीपुरच्या आमच्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. पूर्वज म्हणजे कृष्णाजी घोडेस्वार, मरून दोनशे वर्षं झालेला. दरवर्षी मार्गशीर्षात अक्काच्या घरची माणसं मागडी गावाच्या पुढच्या रानातल्या जुन्या रणभूमीतून पायवाटेने त्याच्या दगडापर्यंत जात. अक्का काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे. मान ताठ, नजर समोर, पायाखाली एकदाही बघणं नाही. "तिला तो दिसतो," असं कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यल्लाप्पा सांगायचा, आणि कपड्यांसाठी खोळंबलेल्या माणसांना ते ऐकून घ्यावंच लागे.

खरं एवढंच, की अक्काला पूर्वज दिसत नव्हता. स्वतःचे पायही दिसत नव्हते. आभाळ भरून आलं तर यल्लाप्पासुद्धा दिसत नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि ते फक्त अक्काला माहीत होतं.

लपवाछपवीत तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. रेशमाच्या गिरणीत तीस वर्षं तिने लडींची प्रत बोटांनी ठरवलेली. तांदळातले खडेही ती बोटांनीच वेचायची. हळदीकुंकवाला कुणी नवी साडी नेसून आली, की रंगाबद्दल चकार शब्द न काढता "कुठून घेतलीस ग?" एवढंच विचारायची. उत्तरात रंग आपोआप यायचा. सकाळी पेपर पुढ्यात धरून बसायची. एकदा तो उलटा धरला गेला.

"अत्ते, बातम्यांना आज शीर्षासन घातलंयस का?" भाचा ऋतुराज म्हणाला.

"सुलट धरून तरी काय कळतं हल्ली," अक्का म्हणाली आणि शांतपणे पान उलटलं.

ऋतुराज हसला, पण त्या दिवसापासून तिच्यावर नजर ठेवू लागला. तो पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर होता; केसाएवढा फरक पकडण्याचाच त्याला पगार मिळायचा. शिवाय त्याचा स्वतःचा एक बेत होता. व्हॅन करावी, रानाच्या अलीकडच्या देवळात उतरावं, तिथूनच हात जोडावेत आणि जेवायला घरी यावं. ज्याच्या हातात काठी, त्याचा शब्द शेवटचा, अशी त्या घरची रीत. अक्कानंतर काठी ऋतुराजकडे जायची होती. डोळ्यांचं कळलं की काठी जाणार, काठी गेली की वाट मोडणार, हे अक्काला स्वच्छ दिसत होतं. म्हणून तिने दवाखान्याचं नावही काढलं नव्हतं.

त्या वाटेचा एक नेम होता. वडाखालच्या मारुतीपाशी चपला काढायच्या, आणि तिथून दगडापर्यंत कुणी कुणाला नावाने हाक मारायची नाही. मारलीच, तर ओ द्यायची नाही. लढाईच्या दिवशी कृष्णाजी झुडपात दबा धरून बसला होता, पलीकडून कुणीतरी त्याचं नाव घेतलं, हा भला माणूस "ओ" म्हणाला आणि त्या आवाजाच्या रोखाने गोळी आली, असं घरात सांगत. तो कुणाच्या बाजूने लढत होता हे मात्र कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. अक्काला विचारलं तर ती म्हणायची, "घोड्याच्या."

शहाण्णव साली अक्काच्या मागे दहा माणसं होती. तिच्या लगेच मागे ऋतुराज, त्याच्यामागे त्याची नवी बायको देवश्री, पुण्याची, या वाटेवर पहिल्यांदाच आलेली.

"खरंच कुणी नाव घ्यायचं नाही?" तिने वडाखाली सँडल काढता काढता विचारलं.

"थोतांड सगळं," ऋतुराज म्हणाला. "अत्तेच्या समाधानासाठी पाळायचं. स्वल्प गंमत म्हणून."

अक्काने ऐकलं आणि काठी टेकली. अनवाणी चालण्याची रीत कुणी पाडली असेल त्याचं भलं होवो, कारण गेली दोन वर्षं तिला पायच वाट दाखवत होते. वडापासून दोनशे चाळीस पावलं. मग उताराचा कातळ, उन्हाने कोमट झालेला. मग डाव्या कानाला बांबूची करकर. मग जमीन वाटेला आडवी फुगलेली: तो पहिला मोर्चा. दोनशे वर्षांपूर्वी तोफा मांडायला मातीचे बांध घातले होते, त्यांच्यावर आता घाणेरी माजली होती. असे तीन मोर्चे ओलांडले की साठ पावलांवर दगड. जिथे माणसं मारायला माती उपसली, तीच माती अक्काला हाताला धरून नेत होती.

पहिला मोर्चा गेला. ऋतुराजचा श्वास तिला मानेशी ऐकू येत होता. तो तिच्या पावलांकडे बघत चालला होता.

"अत्ते, त्या फांदीवर माकड बघ केवढं."

फांदीवर काही हललं नव्हतं, पानसुद्धा. "तुझ्याच नात्यातलं असेल, रामराम कर," ती म्हणाली आणि चाल मोडू दिली नाही. मागे कुणीतरी खुदकन हसलं. ऋतुराज हसला नाही.

दुसरा मोर्चा. तिथून तिसऱ्यापर्यंत एकशे दहा पावलं. अक्का मनात मोजत होती. नव्वदाव्या पावलाला टाचेखालची माती बदलली. इथली जमीन माणसांच्या पायांनी घट्ट झालेली असायची. ही भुसभुशीत होती, वरून गवत आलेली, पण आतून पोकळ. पायांवर खालून गार हवा आली. तिने काठी पुढे टेकली. काठी गवतातून आत गेली, आणि जातच राहिली.

अक्का जागच्या जागी थांबली.

"काय झालं?" ऋतुराजने विचारलं.

काय झालं ते तिलाही माहीत नव्हतं. पुढे काहीतरी नव्हतं, एवढंच कळत होतं. काय नाही ते बघून सांग, असं म्हणायला तोंड उघडलं की सगळंच उघडं पडणार. मागे दहा माणसं, त्यातली दोन पोरंबाळं घेतलेली.

"थांबा सगळे," ती म्हणाली. "जमीन बदलली आहे."

"जमीन कशी बदलेल? वाट चुकलीस ना? सांग की सरळ."

"पुढे जाऊ नकोस."

"समोर दगड दिसतोय, अत्ते. चुना लावलेला, पांढराधोप. तुला दिसत नाही?" अक्काने काठी आडवी धरली. "सरी, ठीक आहे," तो म्हणाला, "या माझ्या मागून." आणि त्या पांढऱ्या दगडावर डोळे रोखून तो तिच्या डाव्या अंगाने पुढे झाला.

गवत फाटल्यासारखा आवाज झाला. माती घसरली. खाली काहीतरी धप्पकन आपटलं, आणि मग काहीच नाही.

उन्हाळ्यात रानखात्याने तिथे खंदक खणला होता, हत्तींनी शेतात उतरू नये म्हणून. पुरुषभर खोल. पावसात दोन्ही काठांवर गवत आणि घाणेरी इतकी वाढली, की वरून खंदक आहे हे कळूच नये.

"ऋतुराज!" देवश्री किंचाळली.

खालून आवाज नाही.

"ऋतुराज! अरे बोल ना!"

एक पक्षी ओरडायचा थांबला. बाकीची माणसं खांबासारखी उभी. रानात नाव घेतलं गेलं होतं, तेही बायकोने नवऱ्याचं, आणि ओ येत नव्हती. देवश्री काठाकडे धावली. अक्काने आवाजाच्या रोखाने हात टाकला, तिचा दंड हाताला लागला, तिने तो घट्ट पकडला.

"आत्याबाई, ते बोलत नाहीयेत. सोडा मला."

"काठ कच्चा आहे. बस खाली."

अक्का स्वतः गुडघ्यांवर आली, मग पालथी झोपली. पुढे काळंकरडं काहीतरी होतं, त्यात भाचा कुठे आहे, कसा आहे, तिला दिसणार नव्हतं. डोळ्यांचं आधी सांगितलं असतं तर, हा विचार तिच्या मनात आला आणि काट्यासारखा रुतून बसला. तिने श्वास रोखून कान दिला. खाली एक खडा घरंगळला. मग नाकाने घेतलेला श्वास, जपून सोडलेला. बेशुद्ध माणूस श्वास जपून सोडत नाही.

"सूनबाई, नाव घेऊ नकोस," ती म्हणाली. मग खंदकात तोंड घालून शांतपणे बोलली, "अरे माझ्या भावाच्या पोरा."

"ओ," खालून ताबडतोब आलं.

देवश्री काठावरून पुढे वाकली. "ऐकू येत होतं तुला?" ती कशीबशी म्हणाली. "मग ओ का दिली नाहीस?"

"नावाने हाक मारलीस," खालून खजील आवाज आला. "इथे... देत नाहीत."

थोतांड म्हणणारा हा माणूस, पाय मुरगळून खंदकात पडलेला, पण बायकोच्या हाकेला ओ द्यायची त्याची छाती झाली नव्हती. मागच्या मागे कुणाला तरी हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं.

अक्काने काठी खाली सोडली. "धर."

"अत्ते, मी इकडे आहे. उजवीकडे." खंदकात आवाज घुमत होता, काठी आणखी डावीकडे गेली. "अत्ते, हात हलवतोय मी. तुला..." तो थांबला. मग हळू म्हणाला, "तुला दिसतच नाही."

हसू विरलं. अक्काने काठी मागे घेतली आणि देवश्रीच्या हातात दिली. उपरणी एकमेकांना बांधून आणखी दोघा भाच्यांनी ऋतुराजला वर ओढलं. खंदक डावीकडे जिथे कातळाला टेकून संपत होता, तिथून वळसा घालून सगळे दगडापाशी पोचले. दगडावरचा घोडेस्वार अर्धा झिजलेला, घोडा मात्र शाबूत. नव्याने चुना लागला, कुंकू लागलं. आता नाव घ्यायला हरकत नव्हती, पण कुणी कुणाला हाक मारत नव्हतं.

"किती दिवस झाले, आत्याबाई?" शेवटी देवश्रीने विचारलं.

"दोन वर्षं. डाव्याने उजेड कळतो. उजव्याने माणसांच्या सावल्या."

"आणि दहा माणसांना मागे घेऊन चालत होतात तुम्ही. पोरं होती त्यात."

अक्काने दगडावरून हात फिरवला. "चुकलं माझं," ती म्हणाली. असं म्हणताना तिला कुणी कधी ऐकलं नव्हतं. "संक्रांत झाली की दवाखान्यात घेऊन चल. तूच चल."

ऋतुराज पाय लांब करून बसला होता. घोटा नारळाएवढा सुजला होता. तरी त्याने हात पुढे केला. "ठीक आहे. ऑपरेशन होईल तेव्हा होईल. पण नजर नाही, तर काठी कशाला? आण इकडे."

अक्काने देवश्रीच्या हातातून काठी घेतली, मांडीवर आडवी ठेवली आणि त्याच्या आवाजाकडे तोंड केलं.

"मला दिसत नव्हतं म्हणून मी थांबले. तुला दिसत होतं म्हणून तू खाली गेलास. काठी कुणाकडे ठेवायची, ते आता तूच सांग."