फक्कीनं आखलेलं घर

बोरिवलीला गोराईत आमचं बैठं घर होतं. बाबा महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. ठरल्या वेळी रस्त्यातल्या चाव्या फिरवायच्या आणि एकेका वस्तीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. नोकरीत असतानाच त्यांना सोडतीत हा एवढासा प्लॉट लागला आणि त्यांनी चार भिंती उभ्या करून वर पत्रे टाकले. पुढे भिंतींना पोपडे सुटले, जमीन एका बाजूनं खचली. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. त्यात बाबांचा काचबिंदू वाढत गेला. घर पाडून नवं बांधायचं मी मनावर घेतलं तोवर त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळत होतं.

मी एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. त्या नोकरीतून चौदा लाख साठले होते. दुपारी मशीन फिरत असलं की माझं मन घर बांधायला निघायचं. खाली बाबा, वर माझी खोली, पश्चिमेला खिडकी आणि खिडकीत खाडीकडचा खारट वारा. त्या खोलीत मी इतक्यांदा झोपले होते की तिथल्या छताला पडलेली एक चीरही मला ठाऊक होती.

एका रविवारी कंत्राटदार आला. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यानंच बांधलेली. त्यानं टेपसुद्धा लावली नाही, दारातूनच नजर फिरवली.

"तळमजला आणि वर एक. स्क्वेअर फुटाला बावीसशे. सव्वातेरा लाखांत चावी हातात देतो, ताई. नकाशाबिकाशाचे वेगळे पैसे नाहीत."

कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे एक ओळ लिहून तो गेला. बाबा खूश. "माणूस कसा, एका वाक्यात बोलतो," म्हणाले.

पण लॅबमधली मैत्रीण मागे लागली म्हणून मी तिच्या भाचीलाही बोलावलं. ती पार्ल्याची, आर्किटेक्ट, तिशीही न गाठलेली. तिनं एक स्टूल मागून घेतलं आणि दहापासून पाचपर्यंत घरात नुसती बसून राहिली. ऊन कुठून आत येतं, भिंतीवर किती चढतं, कुठून निघून जातं ते बघत. मध्येच बाबांना विचारायची, "काका, पलंगावरून मोरीकडे कसे जाता? मला चालून दाखवा ना." बाबा हात पुढे करून चाचपडत निघाले. घर इतकं शांत झालं की त्यांच्या तळव्यांचा लादीवरचा आवाज मला प्रथमच ऐकू आला.

आठवड्यानं तिनं सहा पानं दिली. खर्च अठरा लाख. शिवाय तिची फी, खर्चाच्या आठ टक्के.

"रेघा ओढायचे दीड लाख?" बाबा म्हणाले. "नको गं बाई."

ती हसली. "राहू दे, काका. पण कोणाकडूनही बांधा, आधी जमीन बघा. एक खड्डा खणून घ्या."

खड्डा खणला. कमरेइतकं खाली गेल्यावर काळा गाळ लागला, शिंपल्यांचे तुकडे लागले. खाडी अजून आमच्या घराखाली झोपलेली होती. मी कडेला बसून बघत राहिले. आमची आयुष्यं एवढी वर्षं पाण्यावरच चालली होती तर.

मी कंत्राटदाराला गाठलं. "हे तुमच्या बावीसशेमध्ये धरलंय?"

तो खोटं बोलला नाही. "ताई, जमिनीखालचं मी भावात धरत नाही. कोणीच धरत नाही. काम सुरू झाल्यावर सांगतो. जुनं पाडलेलं उचलायचे, भरणीचे, टाकीचे, ग्रिलचे पण वेगळे. आधीच सगळं सांगितलं तर या गल्लीत एक घर उभं राहायचं नाही."

म्हणजे दोघांच्या खर्चात फरक होता तो एवढाच. तिनं आधी सांगितलं होतं, तो मागून सांगणार होता.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाईप जमिनीखालीच असतो. वरचा नळ काय, कोणीही बसवतो. तिला बोलव." थोडं थांबून म्हणाले, "तुझी वरची खोली मात्र राहील ना?"

"होईल कधीतरी," मी म्हटलं.

चौदा लाखांत बसावं म्हणून असं ठरलं: पाया दोन मजल्यांचा, घर सध्या एकच मजल्याचं. नकाशा तिचा, बांधणार तोच कंत्राटदार. तो कुरकुरला, पण आला.

जुनं घर दोन दिवसांत गेलं. राडारोडा उचलल्यावर तिनं सपाट जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं अख्खं घर आखलं. ही खोली, हे स्वयंपाकघर, ही मोरी. सकाळचं कोवळं ऊन त्या रेघांवर पडलं होतं. बाबांना मी हाताला धरून पलंगाच्या जागी उभं केलं. ते एकटेच चालू लागले, अनवाणी पायानं फक्कीची जाड रेघ चाचपत, उजवा हात हवेत ठेवून, जणू भिंतीवरून फिरवत. ती, कंत्राटदार आणि मी कडेला उभे. मला खरंच तिथे भिंत दिसायला लागली, तिच्यावरचा रंगसुद्धा.

मध्येच ते थबकले. "इथे हात सुटला."

तिथे तिनं दोन खोल्यांमध्ये एक बोळ ठेवला होता. ती वाकून बघत राहिली. मग चपलेनं तिनं बोळाची रेघ पुसली आणि दार पलीकडे सरकवलं. पलंगापासून पुढच्या दारापर्यंत आता एकच सलग भिंत झाली. "एक भिंत कमी झाली. बारा-पंधरा हजार वाचले," कंत्राटदार म्हणाला, आणि फक्कीची पाटी उचलून नवी रेघ त्यानंच मारली.

पाच महिने आम्ही पलीकडच्या गल्लीत भाड्यानं राहिलो. शेवटी खर्च तिच्या फीसकट पावणेचौदा लाख झाला. तेवढ्याच पैशांत कंत्राटदाराच्या बोलीवर दोन मजले व्हायचे होते. उभे राहिले असते का, ते मला सांगता येणार नाही. वर गच्ची आहे, कोपऱ्यांतून सळया आभाळात गेल्या आहेत.

राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती भिंतीवरून हात सरकत गेल्याच्या आवाजानं. सरसर, सावकाश, न थांबता. मग कडी निघाली. मी उठले नाही. अर्धवट झोपेत ऐकत राहिले. दारात बाबा दूधवाल्याला सांगत होते, "दोन पिशव्या दे. ती झोपलीय, मीच आलो."