पहिल्यापासून सांग

आमच्या खानदेशात आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे नुसतं जाऊन चालत नाही. रिक्षा भरून जायचं. सोबत सफरचंदं न्यायची. केळी कोणी नेत नाही, केळी काय, घरचीच. चहा येईपर्यंत कसाबसा दम धरायचा आणि मग म्हणायचं, "हं, आता पहिल्यापासून सांग." आजाऱ्यानं थोडक्यात उरकलं तर पाहुण्यांना वाटतं, आपल्याला परकं धरलं. माणूस जितक्या लांबून आला तितकं सविस्तर सांगावं लागतं. मला यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मीही जन्मभर दुसऱ्यांच्या पलंगाशी बसून असंच विचारत आले होते.

मग माझी पाळी आली. जळगावचं एक लग्न आटोपून धुळ्याला परतताना आमच्या बसला ट्रक घासला आणि बस रस्ता सोडून शेतात आडवी झाली. कोणी दगावलं नाही. माझं खांद्याजवळचं हाड मोडलं, ते यथावकाश जुळलंही. बाकी काय झालं म्हणाल तर काहीच नाही. बस पडल्यावर तिच्या खालून कुठूनतरी हवा सुटल्याचा आवाज येत राहिला, फुस्स करून, संपता संपेना. तेवढं लक्षात राहिलं.

भेटायला माणसांची रीघ लागली आणि मी सांगत गेले. सांगून सांगून मला ते चांगलंच जमायला लागलं होतं. कुठे थांबायचं, कुठे हातानं बस कशी कलंडली ते दाखवायचं, कुठे बायका "अगं बाई" म्हणतील, सगळं ठरून गेलं होतं. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही यायची. पण पाहुणे जिना उतरले की माझे हात बर्फासारखे गार पडायचे, छातीत धडधड सुरू व्हायची आणि त्या दिवशी अन्न घशाखाली उतरायचं नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे घरात कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

पुढे पुढे पाहुण्यांचीही गरज उरली नाही. कुकरची वाफ सुटली की मी ओट्याला धरून खाली बसायची. हायवेवर ट्रकनं ब्रेक सोडला की तो फुस्स आवाज पार आमच्या गच्चीपर्यंत यायचा आणि हातातलं धुणं गळून पडायचं. नवऱ्यानं कुकर माळ्यावर टाकला आणि वरण पातेल्यात शिजवायला घेतलं. डाळ रोज अर्धी कच्ची असायची. ती खाताना त्याचा चेहरा बघून मला त्याची दया यायची आणि स्वतःचा संताप. मी सरकारी कार्यालयात कडक म्हणून नाव कमावलेली बाई. माझ्यापुढे कंत्राटदार चुळबुळ करतात. आणि मी कुकरला भ्यावं?

सगळ्यात वाईट म्हणजे मला बसमध्ये बसता येईना. स्टँडच्या फाटकातूनच मी परत फिरायची. भाड्याची गाडी करून पाहिली, तर पारोळ्याच्या नाक्यापर्यंतही टिकले नाही. आणि माझं माहेर चोपड्याजवळ, तापी ओलांडून पलीकडे. माय जाऊन बरीच वर्षं झाली. माहेर म्हणजे आता आबा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकीनं माहेरी जायचं असतं, कितीही म्हातारी झाली तरी. त्या वर्षी माझी आखाजी हुकली. आबांना प्रवास झेपत नव्हता, मला जमत नव्हता. फोनवर ते एवढंच म्हणाले, "पुढला साली ये." पुढल्या साली ते असतील का, हे आम्ही दोघंही बोललो नाही. मला रात्रंदिवस तेच खात होतं.

उपाय सुरू झाले. नणंदेनं मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मग नवरा मला बागेतल्या सकाळच्या प्राणायामाच्या वर्गात घेऊन गेला. श्वासानं सगळं बरं होतं, हे त्यानं कुठेतरी ऐकलं होतं आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. पण तिथे चालला होता भाता. जोरात घ्या, जोरात सोडा, अजून जोरात. मी मुळात धडधडणारी, त्यात हे. थोड्याच वेळात बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, आणि आता आपण मरतोय या पक्क्या खात्रीनं मी हिरवळीवर आडवी झाले. बायकांनी तोंडावर पाणी मारलं, पदरानं वारा घातला. मी डोळे उघडल्याबरोबर एक जण जवळ सरकून मायेनं म्हणाली, "काय झालं होतं तुम्हाला? पहिल्यापासून सांगा." आणि मी त्या ओल्या गवतावर बसून सांगितलंसुद्धा.

शेवटी ऑफिसातल्या एकीनं समुपदेशन करणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला. बाई कसली, माझ्या मुलीच्या वयाची पोर. मी खुर्चीत बसले, पदर सावरला आणि सुरुवात केली. गोष्टीत ट्रक येईपर्यंत तिनं ऐकलं. मग हात वर करून म्हणाली, "काकू, थांबा. तुमचे पाय आत्ता कुठे आहेत?"

मला राग आला. एवढी फी घेऊन हिला ऐकायचंही नाही. म्हटलं, "असतील जमिनीवर."

"बघा ना. टेकलेत का?"

टेकलेले नव्हते. टाचा वर, बोटं आत वळलेली, कुठल्याही क्षणी पळत सुटेल अशा माणसासारखी. हातही गार. तिनं शांतपणे सांगितलं की अपघात संपला हे माझ्या डोक्याला ठाऊक आहे, पण शरीराला अजून पटलेलं नाही. आणि मी रोज नव्यानं सांगते तेव्हा शरीर दर वेळी त्या बसमध्ये परत जाऊन बसतं. "मग सांगू नको?" मी विचारलं. "सांगा की. पण अंग शांत असताना, आणि तुम्हाला वाटेल तेव्हा. कोणी मागितलं म्हणून नाही."

तिनं शिकवलेलं ऐकून मला आधी हसूच आलं. श्वास साधाच घ्यायचा, सोडताना मात्र हळूहळू, घेण्यापेक्षा लांब, ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसा. जोर करायचा नाही. पाय जमिनीवर दाबायचे. डोळे मिटायचे नाहीत, उलट आजूबाजूला बघायचं आणि जे दिसेल त्याचं मनात नाव घ्यायचं. तोंड मिटून गुणगुणायचं, गळ्यात आणि छातीत कंप जाणवेल असं. याला काय होणार, असं म्हणत मी घरी आले आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून करत राहिले.

लगेच काही झालं नाही. बरं वाटायचं, मग एखादा ट्रक सगळ्यावर पाणी फिरवायचा. मी चिडून तिला फोन करायची, ती म्हणायची, "उतरलं ना पण? आधी किती वेळ लागायचा उतरायला?" ते खरं होतं. धडधड यायची, पण बसून राहायची नाही. नवऱ्यानं भीत भीत कुकर खाली काढला. मी नुसती स्टँडच्या बाकावर बसायला लागले, मग उभ्या बसमध्ये, मग पुढच्या थांब्यापर्यंत. कंडक्टर मला ओळखायला लागले होते. ही बाई कुठेच का जात नाही, असं त्यांना वाटत असणार.

पुढल्या आखाजीच्या आदल्या दिवशी नवरा आणि मी चोपड्याच्या बसमध्ये बसलो. अमळनेरला उतरून परत फिरायची मला मुभा होती, असं आमचं ठरलं होतं. हायवेवरच एका ट्रकनं शेजारी ब्रेक सोडला. हात गार पडले. मी पाय पत्र्यावर दाबले, श्वास लांब सोडला, खिडकीबाहेर पाहिलं. निंब. पाण्याची टाकी. मेंढ्या. एक माणूस मोटारसायकलवर शेळी मांडीवर घेऊन चालला होता. मी गुणगुणायला लागले तशी पुढची बाई वळून बघायला लागली. नवरा तिला म्हणाला, "सणाला माहेरी चाललीय." तिला ते पुरेसं वाटलं. अमळनेर आलं. मी उठले नाही. मग तापीचा पूल आला, आणि पलीकडे केळीच्या हिरव्यागार बागा सुरू झाल्या.

घरी पोचले तर ओटा बायकांनी भरलेला. पाणी प्यायलं न प्यायलं तोच चुलती म्हणाली, "आते सांग व माय, कसं व्हयनं? पहिलेपाईन बठ्ठं सांग." बठ्ठं, म्हणजे सगळंच. सगळ्या सरसावून बसल्या. दोन आखाज्यांची उत्सुकता होती त्यांची. मी म्हटलं, "आज नाही सांगत, काकू." असं कोणी म्हणत नाही आमच्याकडे. चुलतीचा चेहरा उतरला. तेवढ्यात कोपऱ्यातून आबा म्हणाले, "पोर सनले उनी शे. राहू द्या." सणाला आलीय, एवढंच. आबांपुढे कोण बोलणार. बायका झाडाला बांधलेल्या आखाजीच्या झोक्याकडे निघून गेल्या.

दुपारी आबा आणि मी दोघंच होतो. आबांनी काही विचारलं नाही. आख्ख्या वर्षात फोनवरही त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि मला मनातून त्याचं वाईट वाटत आलं होतं. मी पाय टेकलेत का पाहिलं. टेकले होते. मग मला सांगावंसं वाटलं. पण ते बस, ट्रक, हाड नव्हे. एवढ्या वेळा सांगितलं त्यात जे एकदाही आलं नव्हतं ते.

"आबा, बस पडली ना, तेव्हा मी मायला हाक मारली. नातवंडं असलेली बाई मी. लहान पोरीसारखी ओरडले. माय, माय करून."

आबांनी अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी बी तिले मारस. रोज."

मला रडू आलं. छाती धडधडली नाही, हात गार पडले नाहीत. नुसतं रडू आलं, माय गेली तेव्हा यायला हवं होतं तसं. आबांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"रडी ले," ते म्हणाले. "बठ्ठं रडी ले."